एक्सल एका गाडीचा, हब दुसरीचं: किट कारमध्ये जमवायचं कसं

किट कार (सुटे भाग जमवून स्वतः बांधायची गाडी) बांधायला घेतली की हा दिवस येतोच. इंजिन-गिअरबॉक्स एका डोनरचा (ज्या जुन्या गाडीचे भाग काढून घेतो ती), नकल (चाकाचं बेअरिंग धरणारा सस्पेन्शनचा भाग) आणि हब (ज्यावर चाक बसतं तो भाग) दुसऱ्या डोनरचे, आणि मधे हातात दोन वेगवेगळे ड्राइव्हशाफ्ट (गिअरबॉक्सकडून चाकाकडे जोर नेणारे, म्हणजेच एक्सल), ज्यातला एकही दोन्हीकडे बसत नाही. मिड-इंजिन असेल तर जवळपास हमखास, कारण फ्रंट व्हील ड्राइव्हचं सगळं धूड उचलून मागे ठेवलेलं असतं आणि ट्रॅकची रुंदी आपण ठरवलेली असते, कंपनीने नाही.

मी आता एकच नियम पाळतो. बेअरिंग, हब, बाहेरचा सीव्ही जॉइंट (शाफ्टच्या चाकाकडच्या टोकाचा, कोनातही फिरणारा सांधा) आणि हबचा नट हे चार एकाच गाडीचे घ्यायचे. आतला जॉइंट गिअरबॉक्सवाल्या गाडीचा. मिसळामिसळ करायची ती फक्त मधल्या दांड्यात.

का ते सांगतो. प्रेस करून बसवायचं जे डबल रो बेअरिंग असतं त्याची आतली रिंग दोन तुकड्यांत असते. बाहेरच्या जॉइंटचा खांदा एका बाजूने आणि हब दुसऱ्या बाजूने ते दोन तुकडे एकमेकांवर दाबतात, आणि तो दाब येतो हबच्या नटमधून. म्हणजे जॉइंट तिथे चाक फिरवायलाही आहे आणि बेअरिंग घट्ट धरायलाही. म्हणूनच शाफ्ट काढून गाडी नुसती ढकलत इकडून तिकडे नेली तरी बेअरिंगची वाट लागते. ढकलायचीच असेल तर भंगारातल्या जॉइंटचा नुसता स्टब (हबमध्ये जाणारं दाते आणि आटे असलेलं टोक) हबमध्ये घालून नट पूर्ण टॉर्कला आवळून ठेवा.

हे मला अक्कलखाती पैसे जमा करून कळलं. दुसऱ्या गाडीचा जॉइंट हबमध्ये मस्त सरकला, दाते जुळले, नट पण टॉर्क रेंचचा कट्ट आवाज येईपर्यंत आवळला, मी खूश. दोनेकशे किलोमीटरनंतर मागून घूं घूं सुरू झाली, वाटलं टायरचा आवाज असेल, म्हणून आणखी आठवडाभर चालवली. उघडलं तर स्टबचा आटे नसलेला भाग दोन-अडीच मिलिमीटर लांब निघाला, म्हणजे नट आटे संपले तिथेच अडकला होता, हबला टेकलाच नव्हता. रेंचने कट्ट केलं ते आट्यांच्या शेवटाला. तेव्हापासून मी नट लावायच्या आधी हब आणि नटच्या मधे प्लॅस्टिसिनची बारीक वळी ठेवतो, हलका आवळतो, काढून बघतो. वळी कागदासारखी चपटी झाली तर ठीक. तसंच एक वेटोळं जॉइंटच्या खांद्यावर लावून खांदा बेअरिंगच्या आतल्या रिंगवरच टेकतोय ना, नकलला किंवा सीलला घासत नाहीये ना, हे पण बघतो. जॉइंटवर एबीएसची दातेरी रिंग असेल तर ती नकलला घासू शकते, तिचं काम नसेल तर काढून टाका.

दात्यांबद्दल: दात्यांची संख्या सारखी म्हणजे बसलं असं समजू नका. २५ दात्यांचे स्टब वेगवेगळ्या व्यासात मिळतात. व्यास व्हर्निअरने मोजा, मग प्रत्यक्ष घालून बघा, आणि हाताने उलटसुलट फिरवून खेळ जाणवला तर ती जोडी बाद. थोडा खेळ चालतो म्हणणारे भेटतील, त्यांना तुमची गाडी चालवायची नसते.

बेअरिंगचं माप आतला व्यास, बाहेरचा व्यास, रुंदी असं लिहितात, ३९×७२×३७, ४०×७४×४० वगैरे. बाहेरचा व्यास जुळत नाही म्हणून मधे बुश घालून भागवणारे आहेत, मला ते पटत नाही, कारण बेअरिंग नकलमध्ये मिलिमीटरच्या काही शतांशांच्या दाबावर बसतं आणि बुश म्हणजे तसे दोन फिट आले. नकल स्वतः बनवत असाल तर सरळ बोल्टने बसणारं हब युनिट घ्या. चार बोल्ट, सपाट तोंड, प्रेस नको, आणि बऱ्याच युनिटमध्ये प्रीलोड (बेअरिंगवरचा ठरलेला दाब) कारखान्यातच पक्का केलेला असतो. नट मात्र तिथेही पूर्ण टॉर्कला.

प्रेस करताना नकलमध्ये घालायचं तर बाहेरच्या रिंगवरच दाब द्या, हब घालताना आतल्या रिंगला खालून आधार द्या. दाब गोळ्यांमधून गेला की रिंगमधल्या गोळ्यांच्या वाटेवर खड्डे पडतात, ते दिसत नाहीत, नंतर ऐकू येतात. एका बाजूच्या सीलमध्ये एबीएसची चुंबकी रिंग असेल तर ती सेन्सरकडे.

आता लांबी, इथे घाई करू नका. शॉकची स्प्रिंग काढा, दोन्ही जॉइंट जागेवर बसवा, आणि दांड्याच्या जागी एकात एक सरकणारे दोन पाइप घाला. चाकाखाली जॅक लावून पूर्ण लटकलेल्या स्थितीपासून पूर्ण बंपपर्यंत (चाक पूर्ण वर दाबलेलं) दर १० मिमीला पाइपची लांबी लिहून घ्या. समजा सर्वात जास्त ४०२ आली आणि सर्वात कमी ३९६, तर ६ मिमीचा फरक आतल्या जॉइंटने गिळायचा, वर इंजिन माउंटिंगवर हलतं ते वेगळं. आतला जॉइंट ट्रायपॉड (तीन रोलर कपात सरकतात तो प्रकार) असेल तर तो पूर्ण आत ढकलून खूण करा, रोलर कपाच्या काठाशी येईपर्यंत बाहेर ओढून दुसरी खूण करा. गाडी नुसती उभी असताना दांडा या दोन खुणांच्या साधारण मधे हवा, आणि दोन्ही टोकांना निदान ५ मिमी शिल्लक. दांडा तळाला टेकला तर पुढचा धक्का थेट डिफरन्शियलच्या बेअरिंगला. याच वेळी कोन पण बघा, ट्रायपॉड साधारण २३ ते २६ डिग्रीपर्यंत जातो पण रोजच्या उंचीला तो ५-७ डिग्रीच्या आत असलेला बरा.

दांडा करून घेताना दोन्ही जॉइंट बरोबर न्या, फोटो आणि मापांवर सोडू नका. दोन टोकांचे दाते वेगळे असणार, सर्क्लिपच्या (दांडा अडकवून ठेवणाऱ्या स्प्रिंग रिंगच्या) खाचा पण. माल ईएन२४ किंवा ४३४०, हीट ट्रीटमेंटसकट. दोन शाफ्ट कापून वेल्ड करायचा मोह सगळ्यांना होतो (मलाही झाला होता). मूळ शाफ्टचा पृष्ठभाग इंडक्शनने कडक केलेला असतो, वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारची पट्टी मऊ किंवा ठिसूळ होते, आणि तुटतो तो तिथेच. अर्धा तुटलेला शाफ्ट गरागरा फिरत ब्रेक पाइप कसा फोडतो याची कल्पना करा.

ताकदीचा अंदाज हवा असेल तर टायरकडून हिशोब करा. मागच्या चाकांवर ४०० किलो, टायरची त्रिज्या ०.३ मीटर, पकड १ धरली तर दोन्ही चाकं मिळून साधारण ११८० न्यूटन-मीटर, एका बाजूला ५९०. उलट १५० न्यूटन-मीटरचं इंजिन, पहिला गिअर ३.५, फायनल ड्राइव्ह ४, म्हणजे एका बाजूला १०५०. टायर आधी घसरणार. म्हणून हलक्या किटला छोट्या गाडीचे जॉइंट पुरतात, पण क्लच धाडकन सोडला किंवा चिकट टायर घातले की हा हिशोब विसरा.

बूटचं (जॉइंटवरच्या रबरी टोपणाचं) छोटं तोंड नव्या दांड्याच्या व्यासाचं, मोठं तोंड जॉइंटचं, त्यामुळे तेही बहुतेक वेगवेगळ्या गाड्यांचे घ्यावे लागतात. बाहेरच्या जॉइंटला मोलिब्डेनमवालं काळं ग्रीस, ट्रायपॉडला त्याचं स्वतःचं, दोन्ही एकत्र कालवू नका. हबचा नट नवाच घ्या, टॉर्क बेअरिंगवाल्या गाडीच्या मॅन्युअलमधला, आणि नट-स्टबवर पेंटची एक रेघ मारून ५० किलोमीटरनंतर ती हलली का बघा. आणि कुठला जॉइंट, बेअरिंग, बूट कुठल्या गाडीच्या कुठल्या मॉडेलचा ते ग्लव्ह बॉक्सच्या झाकणाला आतून मार्करने लिहून ठेवा, तीन वर्षांनी बूट फाटेल तेव्हा काउंटरवरचा माणूस पहिला प्रश्न 'गाडी कोणती' हाच विचारणार आहे.