मरीन टँक लावताय? कोल्हापुरात या चुका टाळा

मरीन टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या माशांचा टँक, लावायचा म्हटलं की नवीन माणूस आधी दिवे आणि मासे यांबद्दल विचारतो. कुठला एलईडी घेऊ, निमो (क्लाउनफिश) किती ठेवू, डोरी (निळा टँग मासा) मिळेल का. पाणी कुठून आणणार आणि लाईट गेल्यावर काय करणार, हे मला कुणीच आपणहून विचारत नाही. टँक मात्र याच दोन गोष्टींवर जातात. आपल्याकडे तर जास्तच, कारण समुद्र घाटाखाली आहे आणि पावसाळ्यात पंचगंगा गावात शिरते.

मालवणहून पाणी भरून आणणं

ही खास कोल्हापूरकरांची चूक. सकाळी निघालं की दुपारच्या जेवणाला मालवण गाठता येतं, मग मीठ विकत कशाला घ्यायचं, असा हिशेब असतो. राजारामपुरीतल्या ओळखीच्या एका पोरानं हेच केलं. येताना गाडीत समुद्राच्या पाण्याचे कॅन, पोतंभर वाळू आणि खडकाचे चार तुकडे. त्याच रात्री टँक भरला, दुसऱ्या दिवशी मासे सोडले. तिसऱ्या दिवशी फोन: "काका, मासं वर येऊन तोंड मारायला लागल्यात. पाण्याला वास मारतोय."

मी गेलो तेव्हा जिन्यातच वास आला. पाणी दुधाळ झालेलं, अमोनियाची टेस्ट गडद हिरवी, म्हणजे सडण्यातून तयार होणारं हे विष भरपूर. क्षारता मोजली तर विशिष्ट गुरुत्व १.०१८. हवं असतं १.०२५. पाऊस नुकता संपलेला आणि पाणी त्यानं खाडीच्या तोंडाजवळ भरलेलं, म्हणजे त्यातला साधारण तिसरा हिस्सा नदीचाच. समुद्राच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव असतात. बंद कॅनमध्ये, तापलेल्या गाडीत ते मरतात आणि सडायला लागतात. खडकाच्या भोकांत लपलेले किडे आणि स्पंजही तसेच. आम्ही रात्री बारापर्यंत पाणी कालवत बसलो, निम्मं बदललं, मासे एअरपंप लावून बादलीत काढले. सकाळपर्यंत एक क्लाउनफिश तेवढा जगला. त्या पोराचा चेहरा मला अजून आठवतो, आणि म्हणून या चुकीवर मी एवढं लिहितो.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. दगडी पोवळी आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. मालवणचा किनारा १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. जिवंत असो की वाळलेलं, पोवळ्याचा तुकडा उचलून आणणं गुन्हा आहे. 'एकच तर आहे' हे कारण चालत नाही आणि चालूही नये. तिथलं प्रवाळ आधीच कमी उरलंय. टँकसाठी कारखान्यात बनवलेला सिरॅमिक रॉक घ्या. दिसायला सुरुवातीला पांढराफटक, पण सहा-आठ महिन्यांत त्यावर रंग चढतो.

घरच्या आरओचं पाणी वापरणं

'आमच्याकडे आरओ आहे' हे वाक्य ऐकलं की मी टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) घेऊन जातो. पिण्याच्या आरओमध्ये चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतात किंवा मिनरलची कांडी असते. मीटरवर ५० ते १०० दिसतात. त्यातले सिलिकेट आणि फॉस्फेट शेवाळाला खत म्हणून पुरतात. बोअरचं पाणी असेल तर विचारूच नका. आरओच्या पुढे डीआय रेझिनची (उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या मण्यांची) एक नळी जोडा आणि मीटर शून्य दाखवेल तेव्हाच ते पाणी मिठासाठी वापरा. एक दाखवलं तरी मी रेझिन बदलतो. काही जण म्हणतात दहापर्यंत चालतं. चालत असेल, मी चालवत नाही.

मीठ मरीन सॉल्टच हवं, लिटरला साधारण ३५ ते ४० ग्रॅम, पाकिटावर दिलेलं प्रमाण पाहून. स्वयंपाकाचं मीठ किंवा लोणच्याचं खडे मीठ नाही. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवणारे क्षार) हव्या त्या प्रमाणात नसतात. मीठ वेगळ्या ड्रममध्ये पंप लावून रात्रभर फिरवायचं. मासे असलेल्या टँकमध्ये थेट मीठ ओतणारी माणसं मी पाहिलेली आहेत.

सायकल पूर्ण होण्याआधी मासे सोडणं

गोड्या पाण्यात दहा वर्षं काढलेली मंडळी इथे सगळ्यात जास्त फसतात. त्यांना वाटतं, गप्पी आणि गोल्डफिश जगले तर हेही जगतील. पण समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.३ असतो. पीएच ७ च्या पाण्यापेक्षा या पीएचला अमोनियाचा विषारी भाग दहापटीच्या आसपास जातो. गोड्या पाण्यात जे खपून जातं, ते इथे माशाचे कल्ले जाळतं.

अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना टँकमध्ये बसायला चार ते सहा आठवडे लागतात. यालाच सायकल म्हणतात. आधी अमोनिया वर जातो, मग नायट्राइट, शेवटी नायट्रेट. मी रिकाम्या टँकमध्ये सोललेल्या कोळंबीचा तुकडा टाकतो आणि दिवे बंद ठेवून वाट बघतो. दिवसाआड टेस्ट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन आठवडाभर तिथेच राहिले की पहिला मासा. 'सायकलसाठी' डॅमसेल मासे सोडून मरू देणं मला मान्य नाही. आणि ते जगले तर पुढच्या प्रत्येक माशाला टँकमधून हाकलतात.

मधल्या काळात वाळूवर तपकिरी थर येईल. तो डायटम, एक सूक्ष्म शेवाळ. तो आपोआप जातो. बाटलीतलं औषध ओतू नका.

उडालेल्या पाण्याच्या जागी खारं पाणी घालणं

एप्रिल-मेमध्ये खोली तापते, म्हणून लोक टँकवर पंखा लावतात. कोरड्या हवेत त्यानं दोन-तीन अंश उतरतात, हे खरं. पण पाणी भराभर उडतं आणि मीठ आतच राहतं. खारं पाणी घालत राहिलात तर महिन्याभरात विशिष्ट गुरुत्व १.०३० पार होतं. वर घालायचं ते फक्त साधं आरओ-डीआय पाणी, रोज थोडं थोडं. आठवड्यातून एकदा बादलीभर घालू नका. शक्य असेल तर ऑटो टॉप-ऑफ (उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) बसवा. रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजणारं यंत्र) ३५ पीपीटीच्या, म्हणजे हजारात ३५ भाग मीठ असलेल्या, द्रावणानं तपासून घ्या. साध्या पाण्यावर शून्य दाखवणारं यंत्र वरच्या टोकाला चुकलेलं असू शकतं.

इन्व्हर्टरवर सगळंच जोडणं

ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवा. शिरोलीजवळ हायवे बंद, पाणी उपसणारी केंद्रं बुडालेली, नळ कोरडे, बऱ्याच भागांत वीज बंद. नागाळा पार्कात तिसऱ्या मजल्यावर एका कुटुंबाचा सुंदर टँक होता. पुराचं पाणी टँकपर्यंत येणं शक्यच नव्हतं. त्यांनी इन्व्हर्टरवर चिलर (पाणी थंड करणारं यंत्र), दिवे, रिटर्न पंप (खालच्या टाकीतून पाणी वर चढवणारा) सगळं जोडलेलं. दुपारीच बॅटरी बसली. त्यांचा फोन आला तेव्हा मासे वरच्या कोपऱ्यात गोळा झाले होते.

रस्ते बंद, त्यामुळे मी जाऊ शकत नव्हतो. फोनवरच सांगितलं: खायला घालणं ताबडतोब बंद. तांब्यानं पाणी उचलून फूटभर उंचीवरून परत ओता, अर्ध्या तासानं पुन्हा. रात्री घरातल्यांनी पाळ्या लावल्या, आजीसुद्धा उठल्या. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांकडून सेलवर चालणारा एअरपंप मिळाला. बहुतेक मासे वाचले. मोठा टँग गेला, कारण मोठ्या माशाला ऑक्सिजन जास्त लागतो.

हिशेब सोपा आहे. १५० अँपिअर-अवरची १२ व्होल्ट बॅटरी कागदावर १८०० वॅट-अवर देते, प्रत्यक्षात हजार-अकराशे धरा. ३५० वॅटचा चिलर ती तीन तासांत संपवतो. १५ वॅटचा वेव्हमेकर (टँकमधलं पाणी हलवणारा पंप) एकटा असेल तर इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च धरूनही तीच बॅटरी पूर्ण दिवस निभावते. म्हणून इन्व्हर्टरवर फक्त वेव्हमेकर. पाणी हललं की हवा मिळते. तापमान त्यानंतर. दिवे सगळ्यात शेवटी, प्रवाळ दोन-तीन दिवस अंधारात राहिलं तर मरत नाही, आणि निरोगी मासा चार दिवस उपाशी राहू शकतो.

जून लागला की मी आरओ-डीआय पाण्याचे ड्रम भरून झाकून ठेवतो, मिठाचं एक जादा पाकीट आणि सेलवरचे दोन एअरपंप बाजूला काढतो. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला तेव्हा हीच तयारी कामी आली.

विजेशी जोडलेली आणखी एक चूक: रिटर्न पाइपला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली भोक नसणं. पंप थांबला की पाणी त्याच पाइपमधून उलटं संपमध्ये (टँकखालच्या टाकीत) येतं, ती भरून वाहते आणि खालच्या फ्लॅटच्या छतातून टपकतं. टँक भरल्यावर पहिलं काम म्हणजे मेन स्विच बंद करून दहा मिनिटं बघत उभं राहणं. ते भोक दर महिन्याला ब्रशनं साफ करा, शेवाळ आणि चुना साठून बुजतं.

बाकीच्या, थोडक्यात

तांबं असलेलं औषध मुख्य टँकमध्ये कधीही नको, कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ मरतात. आजारी माशासाठी वेगळा टँक ठेवा.

डोरी फूटभर वाढते. दोनशे लिटरच्या टँकमध्ये ती ठेवू नका, पोरं कितीही रडली तरी.

क्लाउनफिश घेताना टँकमध्ये पैदा केलेला आहे का, ते विचारा. सीएमएफआरआयनं (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं) त्याच्या पैदाशीचं तंत्र केव्हाच विकसित केलंय, समुद्रातून पकडलेला घ्यायचं कारण उरलेलं नाही.

टेस्ट केल्याशिवाय कॅल्शियम किंवा अल्कलिनिटीचा डोस देऊ नका. नव्या टँकला आठवड्याचा दहा टक्के पाणीबदल पुरतो.

झोअँथिड (बटणासारखे दिसणारे मऊ प्रवाळासारखे जीव) असलेला दगड उघड्या हातानं घासू नका आणि कधीही उकळू नका. त्यात पॅलिटॉक्सिन हे जीवघेणं विष असू शकतं, त्याची वाफ श्वासात गेली तर अख्खं घर दवाखान्यात जाईल. हातमोजे आणि चष्मा घालूनच काम करा.

पहिलं प्रवाळ म्हणून मशरूम कोरल घ्या, तेही कुणाच्या तरी टँकमध्ये वाढलेलं. कुणी दगडी प्रवाळ विकायला आणलं तर आयातीची कागदपत्रं मागा. कागद नसतील तर घेऊ नका, आणि त्या माणसाकडून मासाही घेऊ नका.