चालकविरहित वाहनांच्या एम्बेडेड कामाची तयारी नागपुरात कशी करावी

चालकविरहित वाहनांकडे ओढा असलेले विद्यार्थी बहुधा आधी चित्रे ओळखणाऱ्या मॉडेलांच्या मागे लागतात. एम्बेडेड अभियंत्याचे, म्हणजे यंत्रातच बसवलेल्या छोट्या संगणकांसाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचे, काम मात्र त्यापुढे सुरू होते. कॅमेऱ्याने अडथळा ओळखला तरी ब्रेकचा आदेश ठरलेल्या वेळेत चाकापर्यंत पोहोचलाच पाहिजे. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी १०० मिलिसेकंदांत सुमारे १.७ मीटर पुढे सरकते, म्हणून येथे उशिरा आलेले बरोबर उत्तरही चुकीचेच धरावे लागते.

सी भाषा आणि इंटरप्ट (चालू काम थांबवून तातडीचे काम करायला लावणारा संकेत) पक्के झाले की, कॅन (गाडीतील नियंत्रकांमध्ये संदेश नेणारे दोन तारांचे जाळे) कंट्रोलर असलेले दोन एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलर बोर्ड व दोन कॅन ट्रान्सीव्हर (तारेवर संदेश पाठवणारे व घेणारे भाग) घेऊन टेबलावरच छोटे जाळे उभारावे. तारांच्या जोडीच्या दोन्ही टोकांना प्रत्येकी १२० ओहमचा रेझिस्टर लागतो. वीज बंद ठेवून दोन तारांमध्ये मल्टीमीटर लावल्यास सुमारे ६० ओहम दिसले पाहिजेत. १२० दिसले तर एक रेझिस्टर जोडलेला नाही, आणि ४० दिसले तर बहुधा मॉड्यूलवर आधीच बसवलेल्या रेझिस्टरमुळे एक जास्तीचा झाला आहे.

एका बोर्डाने दर १० मिलिसेकंदांनी अडथळ्यापर्यंतचे अंतर कळवावे व दुसऱ्याने त्यानुसार ब्रेकच्या जागी धरलेली सर्व्हो मोटर (सांगितलेल्या कोनात फिरणारी मोटर) फिरवावी. हे चालू लागल्यावर खरा अभ्यास सुरू होतो. तार उपसून पाहावी: संदेश थांबल्याचे ओळखून सर्व्हो ब्रेकच्या स्थितीत गेला पाहिजे. त्याहून घातक बिघाड म्हणजे पाठवणारा बोर्ड तेच जुने अंतर पुन्हा पुन्हा पाठवत राहणे, कारण तेव्हा जाळे वरवर निरोगी दिसते. यासाठी प्रत्येक संदेशात वाढत जाणारा क्रमांक आणि सीआरसी (संदेश वाटेत बिघडला का, हे पडताळणारा आकडा) घालावा. वॉचडॉग टायमर (वेळेत ताजा न केल्यास बोर्ड पुन्हा सुरू करणारा टायमर) इंटरप्टमधून ताजा करू नये. मुख्य प्रोग्रॅम अडकला तरी इंटरप्ट चालूच राहतो आणि वॉचडॉग ठेवण्याचा हेतूच फसतो.

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो आणि उन्हात उभी गाडी आतून त्याहूनही तापते. मायक्रोकंट्रोलरच्या अंतर्गत आरसी घड्याळाची (रेझिस्टर व कपॅसिटरवर चालणाऱ्या) गती तापमानाबरोबर सरकते आणि कॅनवरील बोर्डांची घड्याळे जुळलेली लागतात, त्यामुळे कॅनसाठी स्थिर ठोके देणारा बाहेरचा क्रिस्टलच वापरावा.

२०११ साली आलेले व २०१८ साली सुधारलेले आयएसओ २६२६२ हे वाहनांतील इलेक्ट्रॉनिक यंत्रणांच्या सुरक्षिततेचे मानक या प्रयोगांनंतर वाचावे; धोक्यानुसार ए ते डी अशा एसिल (सुरक्षिततेच्या काटेकोरपणाच्या) पातळ्या का ठरवतात, हे तेव्हा नीट उमगते. मुलाखतीला जाताना सरासरी नव्हे, तर लॉजिक अ‍ॅनालायझरवर (तारांवरील संकेतांच्या वेळा नोंदवणाऱ्या उपकरणावर) मोजलेल्या सर्वाधिक विलंबाची नोंद सोबत ठेवावी.