फणसाचं गुणी झाड तुटण्याआधी कसं राखावं

हापूसच्या बागा कलमांच्या, म्हणून या झाडाचा गुण तोच त्या झाडाचा. कोकणातले जुने फणस मात्र बहुतेक आठळीतून आलेले. फणसात परपरागीभवन होतं, त्यामुळे एकाच फळाच्या आठळ्यांतून नाना तऱ्हांची झाडं निघतात. चांगलं झाड लाकडासाठी तोडलं की तो नेमका गुण परत मिळत नाही. नवी जात काढायला हा वेगळेपणाच लागतो. आंब्याचंच बघा: हापूसला साका (गरात पांढरट, स्पंजासारखा भाग) धरतो, म्हणून त्याचा नीलम आंब्याशी संकर केला आणि 1981 साली ‘रत्ना’ ही जात आली.

सुरुवात घरातल्या जाणत्यांना विचारून करा. ‘कापा (घट्ट गऱ्याचा) की बरका (मऊ गऱ्याचा)’ एवढ्यावर थांबू नका. कुयरी (कोवळा फणस) कुठल्या झाडाची भाजीला घेता, तळायला गरे कुठले, साठं कशाचं? आणि पावसाआधी कुठला पिकतो? माझ्या मते हा शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा, कारण पावसात सापडलेला फणस पाणचट होतो.

निवडलेल्या झाडाला क्रमांकाची चकती सैल दोरीने बांधा. खिळा ठोकू नका.

फळ उतरवलं की आधी अख्ख्याचं वजन करा. मग फोडून चारखंडं (काटेरी साल), पाव (मधला दांडा), गरे आणि आठळ्या वेगवेगळ्या तोला. 12 किलोच्या फणसात 4 किलो गरे निघाले तर हिस्सा एक तृतीयांश. गऱ्याचा रंग, जाडी, कुरकुरीतपणा, चीक किती हेही वहीत लिहा. गोडी रिफ्रॅक्टोमीटरने मोजता येते. तो नसेल तर चार माणसांना चाखायला द्या. एका फळावरून ठरवू नका, निदान तीन हंगाम बघा.

आता राखण्याचं. आठळी पुरून तोच फणस येत नाही, आणि आठळी सुकली की मरते, त्यामुळे भाताच्या बियाण्यासारखी साठवताही येत नाही. कलमच करायला हवं. उन्हातल्या फांद्यांचे निरोगी शेंडे निवडा. देठ ठेवून त्यांची पानं कापा. आठ-दहा दिवसांत डोळा फुगला की काड्या काढा, ओल्या फडक्यात गुंडाळा आणि त्याच दिवशी रोपवाटिकेत न्या. तिथे कोवळ्या रोपावर पाचर कलम बांधतील. निदान तीन कलमं तीन वेगळ्या वाड्यांत लावा.

वहीची प्रत दापोलीच्या कृषी विद्यापीठात दाखवा. 2001 च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपलं वाण नोंदवण्याचा हक्क आहे, पण आधी कलमं, मग तो अर्ज. झाडाचा सौदा ठरलाच असेल तर लाकडाच्या वखारवाल्याकडून डोळे फुगेपर्यंतचे दहा दिवस मागून घ्या.