जुनी आउटबोर्ड बोट घरी दुरुस्त करताय? या चुका टाळा

जुनी फायबरची बोट दारात आली की पहिला हात रंगाच्या डब्याकडे जातो. माझाही गेला होता. दोन आठवडे घासलं, पुट्टी भरली, निळ्या रंगाचे दोन हात मारले आणि मग आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लटकणारं, इंजिन टांगलं. क्लॅम्पचे स्क्रू आवळत गेलो, तसे ते मागच्या फळीत रुतत गेले. एका जागी येऊन घट्ट होतील म्हणून आवळतोय, तर होईचनात. बाहेरून चकचकीत, आत लाकडाचा चिखल.

ही मागची फळी म्हणजे ट्रान्सम. बहुतेक जुन्या बोटींत ती फायबरच्या दोन थरांत कोंडलेल्या प्लायची असते. इंजिनाचं सगळं वजन आणि धक्का तीच झेलते, म्हणून तपासणी तिथूनच सुरू करा. हातोड्याच्या दांड्याने सगळीकडे ठोकत जा: चांगल्या जागी आवाज कडक येतो, कुजलेल्या जागी भद्द. इंजिन वर तिरपं करून खालच्या भागावर हाताने भार द्या, फळी हलते का बघा. तरी शंका राहिली तर आतल्या बाजूने, बाहेरचा थर न फोडता, ५ मिमीचं भोक पाडा. ड्रिलला कोरडा फिकट भुसा लागला तर नशीब. काळपट, ओला, कुबट वासाचा लगदा आला तर रंगाचा डबा बंद करून ठेवा.

इथे बरेच जण एक शॉर्टकट घेतात. फळीला भोकं पाडून पातळ इपॉक्सी (दोन भाग मिसळून कडक होणारं रेझिन) ओततात. ओल्या लाकडाला इपॉक्सी धरत नाही, आणि कुजलेलं लाकूड घट्ट झालं म्हणून मजबूत होत नाही. आतला थर कापा, कुजका प्लाय पार काढा, बाहेरचा थर तसाच ठेवून त्यावर नवा मरीन प्लाय थरांत चिकटवा. जुन्या फायबरची कड जाडीच्या साधारण बारा पट रुंदीत उतरती घासा, म्हणजे नव्या थराला पकड मिळते. घासताना मास्क हवाच.

पण पाणी मुळात आत शिरतं कुठून? बोल्टच्या भोकांतून. नवी फळी बसवून त्यात नुसतं भोक पाडून बोल्ट ठोकला, तर काही वर्षांनी पुन्हा तोच चिखल. भोक मोठं पाडा, ते दाट केलेल्या इपॉक्सीने भरा, सुकलं की त्याच्या मधोमध बोल्टच्या मापाचं भोक पाडा. बोल्ट लाकडाला शिवतच नाही. जुनी इंजिनं, खुंट्या, पंपाचे स्क्रू काढल्यावर उरलेली भोकंही अशीच बुजवा. सिलिकॉन थापून वेळ मारून नेऊ नका.

रेझिनची सरमिसळही महागात पडते. पॉलिएस्टर रेझिनवर इपॉक्सी चालतं, इपॉक्सीवर पॉलिएस्टर किंवा साधा जेलकोट (बोटीचा बाहेरचा चकचकीत थर) नीट धरत नाही. साध्या चॉप्ड मॅटमधला (काचतंतूंच्या तुकड्यांच्या चटईतला) डिंक पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नाही. इपॉक्सीबरोबर विणलेलं कापड घ्या. बोट ॲल्युमिनियमची असेल तर तांब्याची प्रक्रिया केलेला प्लाय आणि तांबं असलेला तळाचा रंग, दोन्ही लांब ठेवा. पत्रा खाऊन टाकतात.

बोट जड चालते म्हणून इंजिनाला शिव्या देण्याआधी फरशीखालचा फोम बघा. पाणी पिऊन तो स्पंजसारखा झालेला असतो. काढलात तर बंद पेशींचा, म्हणजे पाणी न पिणारा, नवा भरा, कारण बोट पाण्याने भरली की तिला तरंगत ठेवणारा तोच.

इंजिन सुरू झालं म्हणजे झालं, असं नाही. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपातला रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) आधी बदला. पडून राहिलेल्या इंजिनात त्याच्या पात्या वाकलेल्याच कडक होतात. पाणी न देता "जरा आवाज ऐकू" म्हणून चालवलं तर नवाही जळतो. गिअर ऑइल दुधासारखं पांढरट निघालं तर सील गेलंय. नवं तेल खालच्या भोकातून भरा, वरच्या भोकातून येईपर्यंत. मग आधी वरचा स्क्रू, नंतर खालचा, दोन्हींना नवे वॉशर. टू-स्ट्रोकला ५०:१ म्हणजे लिटरभर पेट्रोलला २० मिली तेल, पण तुमच्या इंजिनाचं प्रमाण पुस्तिकेत बघून घ्या. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात मोटारसायकलचं टू-स्ट्रोक तेल चालत नाही, बोटीच्या इंजिनांसाठीचं टीसी-डब्ल्यू ३ दर्जाचं लागतं.

मोठ्या इंजिनाचा मोह सगळ्यांना होतो. बोटीवरच्या पट्टीवर लिहिलेल्या अश्वशक्तीच्या वर जाऊ नका आणि वजनही बघा: तेवढ्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक बहुधा जुन्या टू-स्ट्रोकपेक्षा जड भरतं, मागची बाजू बसते. फळीची उंची मोजूनच शाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या खाली जाणाऱ्या पायाची लांबी, निवडा. प्रचलित मापं १५, २० आणि २५ इंच. पंख्याच्या वरची आडवी पट्टी बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा किंचित वर हवी. फार वर गेली तर पंखा हवा ओढतो, इंजिन नुसतं किंचाळतं.

वायरिंग: कलई केलेली तांब्याची वायर, बॅटरीजवळ फ्यूज. पीळ मारून टेप गुंडाळू नका.

पहिल्यांदा पाण्यात सोडताना बोट दोराने बांधूनच ठेवा. फरशीची झाकणं उघडी ठेवून अर्धा तास तळ बघत बसा. आणि त्याआधी तळाचं बूच लावलंय का, हात घालून बघा. मी तेही एकदा विसरलोय.