अ‍ॅक्टिव्हेटरची छोटी लिंक आली तर काय करायचं

जळगाव असो की शिरपूर, दुकानातून फॉरमॅट मारून आणलेल्या लॅपटॉपवर ‘अ‍ॅक्टिव्हेट विंडोज’ दिसू लागलं की कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ची, म्हणजे लायसन्स न घेता विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करून देणाऱ्या चोरट्या प्रोग्रामची, छोटी लिंक पाठवतोच. घाई करू नका. अ‍ॅक्टिव्हेट नसलेली विंडोजही चालते. कोपऱ्यात अक्षरं राहतात आणि सेटिंगमधून वॉलपेपर, रंग असं काही बदलता येत नाही, एवढंच.

बिटलीची (लांब पत्ता छोटा करून देणारी सेवा, bit.ly) लिंक असेल तर शेवटी + लावून ब्राउझरमध्ये टाका, ती कुठे नेते ते कळेल. पण तेवढ्यावर विसंबू नका. तिथे पहिलाच थांबा दिसतो, पुढची पानं तुम्हाला आणखी कुठेही ढकलतात. लिंकचा मालक मागाहून पत्ताही बदलू शकतो. म्हणून ‘मी महिन्यापूर्वी वापरली, काही झालं नाही’ याला अर्थ नाही.

झिप फाइल आणि शेजारीच तिचा पासवर्ड दिला असेल तर ती डिलीट करा. कुलूपबंद झिपच्या आत अँटिव्हायरसला पाहता येत नाही, पासवर्ड असतो तो त्यासाठीच.

फाइल चालवून झाली असेल तर आधी वायफाय बंद करा. आता सगळे चुकतात ती जागा: स्कॅन करतात, ‘धोका नाही’ असं दिसतं आणि निश्चिंत होतात. असे अ‍ॅक्टिव्हेटर अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, किंवा स्वतःचं फोल्डर, कधी अख्खा सी ड्राइव्ह, त्याच्या ‘एक्सक्लूजन्स’ यादीत घालतात. त्या यादीतल्या फाइल स्कॅन तपासतच नाही. विंडोज सिक्युरिटीत ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’च्या सेटिंगमध्ये जाऊन यादी रिकामी करा, मगच तिथलं ऑफलाइन स्कॅन (संगणक रीस्टार्ट करून विंडोज सुरू होण्याआधी होणारी तपासणी) लावा. तरीही माझं ठाम मत: कागदपत्रं आणि फोटो तेवढे काढून घ्या, विंडोज नव्याने टाका.

पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून बदला. आधी ईमेलचा, कारण बाकीचे रिसेट तिथेच येतात. सोबत सगळीकडून लॉगआउट करा. चोरलेल्या कुकीने (तुम्ही लॉगिन आहात याची ब्राउझरने जपलेली खूण) ओटीपीशिवाय आत शिरता येतं. ई-सेवा केंद्राचा किंवा झेरॉक्सच्या दुकानाचा संगणक असेल तर गिऱ्हाइकांचे आधार, सातबाराही त्यात आहेत, म्हणून आजच करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन.

नवी विंडोज मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून, किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर. लॅपटॉपसोबत विंडोजची ‘होम’ आवृत्ती आली होती आणि दुकानात ‘प्रो’ टाकली, हे फार वेळा घडतं. पुन्हा होमच टाका. विंडोज १० किंवा ११ सोबत आलेल्या बहुतेक ब्रँडेड लॅपटॉपच्या बोर्डातच ‘की’ (लायसन्सचा क्रमांक) असते, नेट जोडलं की विंडोज आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते. वर्ड-एक्सेलच्या फाइलींसाठी लिब्रेऑफिस फुकट आहे.