मोबाइल टॉवरच्या वादात संशोधन कसे वाचावे

नाशिकमध्ये इंदिरानगर असो, गंगापूर रोड असो की पाथर्डी फाटा, गच्चीवर मोबाइल टॉवर बसवण्याचा विषय सोसायटीच्या सभेपुढे आला की सभासदांच्या व्हॉट्सअॅप गटावर शोधनिबंधांचे दुवे फिरू लागतात. एक निबंध कर्करोगाचा इशारा देतो, दुसरा काळजीचे कारण नाही असे सांगतो, आणि दोन्ही बाजू आपापला निबंध पुढे करून समोरच्याला गप्प करू पाहतात. हा विषय बिनतारी अभियांत्रिकी, वैद्यक आणि शहरी चळवळींचा सामाजिक अभ्यास अशा तीन शाखांत पसरलेला आहे. या तीन शाखा तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात, आणि एकीचे उत्तर दुसरीच्या प्रश्नाला जोडले की वाद चिघळतो, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा वेळी सामान्य नागरिकाने संशोधन कसे शोधावे, कसे वाचावे आणि महापालिकेसमोर कसे मांडावे, याची ही पद्धत आहे.

कोणताही दुवा उघडण्याआधी आपला प्रश्न कागदावर लिहून काढावा. ‘माझ्या खोलीत लहरींची तीव्रता किती आहे?’ हा अभियांत्रिकीचा प्रश्न आहे. ‘एवढ्या तीव्रतेने आजार होतो का?’ हा वैद्यकाचा आहे. ‘हा निर्णय कोणी, कोणाला विचारून घेतला?’ हा नागरी हक्कांचा आहे. सोसायट्यांमधला बराचसा राग खरे तर तिसऱ्या प्रश्नाचा असतो. परंतु ‘आम्हाला विचारले नाही’ या तक्रारीकडे कोणी लक्ष देत नाही आणि ‘मुलांना कर्करोग होईल’ या तक्रारीकडे सगळे वळून पाहतात, म्हणून तो राग दुसऱ्या प्रश्नाच्या भाषेत व्यक्त होतो.

शोधण्याची साधने बहुतांशी मोफत आहेत. वैद्यकीय निबंधांचे गोषवारे पबमेड या संकेतस्थळावर मिळतात, भारतीय विद्यापीठांतील पीएच.डी. प्रबंध शोधगंगा या संकेतस्थळावर आहेत, आणि जर्मनीतील आखेन येथील विद्यापीठाने चालवलेले ईएमएफ-पोर्टल तर याच एका विषयावरील संशोधनाची सूची ठेवते. गुगल स्कॉलरवर शीर्षक टाकल्यास पुष्कळदा लेखकाने स्वतः ठेवलेली पूर्ण प्रत सापडते. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय नाशिकमध्येच आहे; घरात किंवा ओळखीत वैद्यकीय अथवा अभियांत्रिकीचा विद्यार्थी असेल, तर त्याच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयामार्फत पूर्ण निबंध मागवता येतो. निव्वळ गोषवारा वाचून मत बनवू नये, कारण माहिती कशी मोजली हे बहुधा आतल्या ‘पद्धती’ या भागातच कळते.

अभियांत्रिकीचा निबंध हाती आला की सर्वप्रथम एकक पाहावे. लहरींची तीव्रता कुणी वॉट प्रति चौरस मीटरमध्ये देते, कुणी मायक्रोवॉट प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये, तर कुणी व्होल्ट प्रति मीटरमध्ये. १ वॉट प्रति चौरस मीटर म्हणजे १०० मायक्रोवॉट प्रति चौरस सेंटिमीटर. हे ध्यानात न घेता दोन निबंधांतले आकडे शेजारी ठेवले, तर धोका शंभरपट फुगतो किंवा शंभरपट आटतो. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मर्यादेच्या एक दशांश एवढी कडक मर्यादा लागू केली. त्यानुसार ९०० मेगाहर्ट्झ वारंवारतेच्या लहरींसाठी ती ०.४५ वॉट प्रति चौरस मीटर, म्हणजेच ४५ मायक्रोवॉट प्रति चौरस सेंटिमीटर किंवा सुमारे १३ व्होल्ट प्रति मीटर होती, आणि १८०० मेगाहर्ट्झसाठी ०.९ वॉट. अशा मर्यादांचा फेरविचार होत असतो, म्हणून अर्जात आकडा लिहिण्याआधी दूरसंचार विभागाचे चालू परिपत्रक पाहून घ्यावे.

त्यानंतर एक साधे गणित स्वतः करून पाहावे. समजा अँटेनाला २० वॉट शक्ती दिली आहे आणि ती एका दिशेला एकवटल्यामुळे झोताच्या मधोमध ५० पटींनी वाढते, म्हणजे परिणामी शक्ती १००० वॉट झाली. या आकड्याला मीटरमधल्या अंतराच्या वर्गाने आणि १२.५७ ने (म्हणजे पायच्या चौपटीने) भागायचे. झोताच्या अगदी समोर १० मीटरवर सुमारे ०.८ वॉट प्रति चौरस मीटर येते, २० मीटरवर ०.२ आणि ५० मीटरवर ०.०३. अंतर दुप्पट झाले की तीव्रता चौथाईवर येते, हे यातून डोळ्यांना दिसते. १० मीटरवरचा आकडा ९०० मेगाहर्ट्झच्या २०१२ च्या मर्यादेपेक्षा जास्त आहे, म्हणूनच अँटेनासमोरचा गच्चीचा भाग बंद ठेवणे आणि तिथे फलक लावणे आवश्यक असते. उन्हाळ्यात ज्या गच्चीवर कुरडया-पापड वाळत घातले जातात, तिथे हा मुद्दा सभेत सर्वांत आधी विचारावा. एकाच खांबावर अनेक कंपन्यांच्या अँटेना असतील, तर प्रत्येकीची तीव्रता तिच्या मर्यादेच्या किती अंश आहे हे काढून त्या अंशांची बेरीज करावी लागते. ती बेरीज एकच्या आत राहिली पाहिजे.

हा झोत बहुतेक आडवा आणि किंचित खाली झुकलेला असतो. त्यामुळे टॉवरच्या थेट खालच्या मजल्यावर तीव्रता पुष्कळदा कमी असते, आणि समोरच्या इमारतीतील त्याच उंचीच्या सदनिकेत जास्त. याचा अर्थ असा, की भाडे घेणारी सोसायटी एक आणि झोतासमोर येणारे रहिवासी दुसऱ्याच सोसायटीचे, अशी स्थिती सहज निर्माण होते. अभियांत्रिकीच्या या साध्या बाबीतून नागरी हक्कांचा सगळ्यात मोठा प्रश्न उभा राहतो, आणि तो सभेच्या इतिवृत्तात क्वचितच येतो. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी: सिग्नल क्षीण असेल तिथे हातातला फोन अधिक शक्तीने लहरी सोडतो, आणि तो तर कानाला लागलेला असतो. टॉवर हटवा अशी मागणी करताना फोनकडून मिळणारी मात्रा वाढू शकते, हे मागणी करणाऱ्यांना ठाऊक असायला हवे.

वैद्यकीय संशोधन वाचताना मात्र सर्वाधिक सावकाश जावे. पहिला प्रश्न विचारावा: हा अभ्यास फोनचा आहे की टॉवरचा? गाजलेला इंटरफोन अभ्यास १३ देशांत झाला आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. तो फोन वापरणाऱ्यांचा होता. त्यात आयुष्यभरात १६४० तास किंवा त्याहून अधिक बोललेल्या गटात ग्लायोमा या मेंदूच्या गाठीची शक्यता दर्शवणारे गुणोत्तर १.४० आले (१ म्हणजे फोन न वापरणाऱ्यांइतकीच शक्यता), आणि ९५ टक्के विश्वास-मर्यादा, म्हणजे खरा आकडा ज्या टप्प्यात असण्याचा अंदाज असतो तो टप्पा, १.०३ ते १.८९ होती. टॉवरविरोधी पत्रकांत हा आकडा येतो. त्याच निबंधात नियमित फोन वापरणाऱ्या सर्वांचे एकत्रित गुणोत्तर ०.८१ आहे, ते मात्र पत्रकांत येत नाही. ०.८१ शब्दशः घेतले तर फोनमुळे गाठीपासून संरक्षण मिळते असा अर्थ निघेल, आणि तो कुणालाच पटणार नाही. फोन न वापरणाऱ्या निरोगी लोकांनी अभ्यासात भाग घेण्याचे अधिक प्रमाणात नाकारले असेल, तर तुलनेचा गटच कलतो. शिवाय आजारी माणूस जुने बोलण्याचे तास आठवताना चुकतो. स्वतः संशोधकांनीच अशा त्रुटींमुळे कार्यकारणाचा निष्कर्ष काढता येत नाही असे नमूद केले. एकाच निबंधातले दोन्ही आकडे एकत्र वाचण्याची सवय लावून घेणे, हे मी या साऱ्या पद्धतीतले सर्वांत मोलाचे काम मानतो.

टॉवरबद्दल विचारायचे असेल तर टॉवरचाच अभ्यास पाहावा. ब्रिटनमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाच वर्षांखालील कर्करोगग्रस्त १३९७ मुलांची तुलना ५५८८ इतर मुलांशी केली गेली. जन्माच्या वेळच्या पत्त्यापासून टॉवरचे अंतर, परिसरातील टॉवरची शक्ती आणि गणिताने काढलेली तीव्रता असे तीन मोजमाप वापरूनही संबंध आढळला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये या लहरी ‘२ ब’ गटात, म्हणजे ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात ठेवल्या, हेही खरे आहे. हे वर्गीकरण पुरावा किती भक्कम आहे ते सांगते. धोका किती मोठा आहे ते सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सखोल आढाव्यात मोबाइल वापर आणि मेंदूचा कर्करोग यांत संबंध आढळला नाही. डोकेदुखी व निद्रानाश यांबाबत अनेक डबल-ब्लाइंड प्रयोग, म्हणजे लहरी केव्हा चालू आहेत हे सहभागी आणि प्रयोग घेणारे दोघांनाही माहीत नसलेले प्रयोग, झाले आहेत. लहरी चालू आहेत की बंद, हे संवेदनशील म्हणवणाऱ्या व्यक्तींना ओळखता आले नाही. त्यांचा त्रास मात्र खरा असतो, आणि त्यांना डॉक्टरांकडे पाठवण्याऐवजी खोटे ठरवणे अन्यायाचे आहे.

‘आमच्या गल्लीत टॉवरनंतर चार जणांना कर्करोग झाला’ असे विधान जवळपास प्रत्येक वस्तीत ऐकू येते. आधी बाण मारून मग त्याभोवती वर्तुळ काढावे, तसे यात घडते: रुग्ण दिसल्यावर सीमा ठरवली जाते. तरीही अशी निरीक्षणे टाकाऊ नसतात. अमेरिकेतील वोबर्न या गावी रहिवाशांनीच मुलांच्या रक्तकर्करोगाच्या घटना नकाशावर मांडल्या, आणि दूषित विहिरींचा प्रश्न पुढे आला. समाजशास्त्रज्ञ फिल ब्राऊन यांनी या प्रकाराला लोकांचे साथरोगशास्त्र म्हटले. आपणही नोंद करायची असेल तर परिसराची सीमा आणि कालावधी आधी ठरवावा, कर्करोगाचा प्रकार, वय आणि निदानाचे वर्ष लिहावे, आणि टॉवर येण्यापूर्वीची वर्षेही त्यात घ्यावीत. रुग्णांची नावे गटावर कधीही टाकू नयेत. संमतीशिवाय कुणाच्या आजाराची माहिती फिरवणे हा त्या कुटुंबाच्या विश्वासाचा भंग आहे.

शहरी चळवळींवरील संशोधन लोक सहसा वाचतच नाहीत, आणि कामाचे तेच सर्वाधिक असते. मोबाइल फोन आणि आरोग्य यांचा अभ्यास करणाऱ्या ब्रिटनच्या सर विल्यम स्ट्युअर्ट समितीने २००० सालच्या अहवालात सांगितले होते, की टॉवर उभारताना लोकांना बाजूला ठेवल्यामुळे होणारी अस्वस्थता हीच मुळात त्यांच्या स्वास्थ्यावर परिणाम करू शकते. निर्णयप्रक्रिया उघड करण्याची मागणी म्हणूनच वैद्यकीयदृष्ट्याही रास्त ठरते, आणि ती सिद्ध करण्यासाठी कर्करोगाचा पुरावा लागत नाही.

प्रत्यक्ष काम करताना दोन कार्यालये वेगळी ठेवावीत. इमारतीवरील बांधकामाची परवानगी आणि संरचनात्मक स्थैर्य प्रमाणपत्र हा महापालिकेच्या नगररचना विभागाचा विषय आहे. त्याची माहिती शरणपूर रोडवरील राजीव गांधी भवनात मागावी. लहरींची तीव्रता हा केंद्राच्या दूरसंचार विभागाचा विषय आहे. त्या विभागाच्या २०१७ मध्ये सुरू झालेल्या तरंग संचार पोर्टलवर परिसरातील टॉवर पाहता येतात आणि शुल्क भरून प्रत्यक्ष मोजणीची मागणीही करता येते. महापालिकेला तीव्रता विचारली की अर्ज टोलवला जातो, आणि त्यात महिना निघून जातो. माहिती अधिकाराचा अर्ज महाराष्ट्राच्या नियमांनुसार एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत बसवावा लागतो, त्यामुळे मते न लिहिता कागदपत्रे मागावीत: परवानगीचा दिनांक, स्थैर्य प्रमाणपत्राची प्रत, मंजूर नकाशा. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे, त्यानंतर प्रथम अपील करता येते. सोसायटीचे सभासद असाल तर सहकारी संस्था अधिनियमाखाली सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त विनामूल्य पाहण्याचा हक्क आहे. टॉवरचा ठराव कोणत्या तारखेला आणि किती उपस्थितीत झाला हे तिथे लिहिलेले असते.

शेवटी महापालिकेच्या विभागीय कार्यालयात द्यायचे टिपण एका पानाचे करावे. वरच्या भागात मोजलेली तीव्रता, मोजणीची जागा, मजला, वेळ आणि एकक लिहावे. मधल्या भागात वैद्यकीय पुराव्याची स्थिती अनुकूल व प्रतिकूल अशी दोन्ही, वर्षासह मांडावी. दावा पुराव्याच्या पुढे नेऊ नये, कारण अतिशयोक्तीचे एक वाक्य सापडले तर अधिकारी उरलेले पानही बाजूला ठेवतात. खालच्या भागात मागण्या असाव्यात: गच्चीवरील प्रतिबंधित भागाला कुलूप आणि फलक, झोताची दिशा व उंची यांचा तपशील, समोरच्या इमारतींना लेखी पूर्वसूचना, आणि नवी अँटेना जोडली की पुन्हा मोजणी. टिपण दोन प्रतींत न्यावे आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घेऊन यावे.