एफएमआरआयच्या साहाय्याने मेंदूचा अभ्यास करताना या चुका टाळा

मेंदूच्या करड्या चित्रावर उमटलेला लाल-पिवळा डाग पाहिला की तेथे विचार चाललेला प्रत्यक्ष दिसत आहे, असा भास होतो. एफएमआरआयच्या, म्हणजे रक्तातील बदलांवरून मेंदूच्या कार्याचा माग घेणाऱ्या चुंबकीय चित्रणाच्या, अभ्यासातील बऱ्याच चुकांचे मूळ या भासातच असते. हे यंत्र चेतापेशींचे विद्युत-संकेत मोजत नाही. पेशींचे काम वाढले की त्या भागाला गरजेपेक्षा अधिक ऑक्सिजनयुक्त रक्त पुरवले जाते. त्यामुळे ऑक्सिजन सोडून दिलेल्या हिमोग्लोबिनचे तेथील प्रमाण घटते आणि हे हिमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्रात जी गडबड करत असते, ती कमी झाल्याने संकेत किंचित वाढतो. संशोधक सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये दाखवून दिलेला हा बदल ३ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राच्या तीव्रतेचे एकक) यंत्रावरही सहसा काही टक्क्यांपलीकडे जात नाही. डाग हा त्या क्षीण बदलावर केलेल्या सांख्यिकीय चाचणीचा निकाल असतो, छायाचित्र नव्हे.

पहिली चूक वेळेच्या आखणीत होते. उद्दीपनानंतर रक्तातील प्रतिसाद पाच-सहा सेकंदांनी शिखर गाठतो आणि पूर्ववत होण्यास आणखी दहा-पंधरा सेकंद घेतो. दोन प्रकारची चित्रे नेहमी त्याच क्रमाने, ठराविक दोन सेकंदांच्या अंतराने दाखवली, तर दोन्हींचे प्रतिसाद एकमेकांत असे मिसळतात की कोणतेही गणित त्यांना पुढे वेगळे करू शकत नाही. म्हणून क्रम आणि अंतर दोन्ही बदलते ठेवावेत. याच्या उलट चूक म्हणजे फार लांब टप्पे. यंत्राचा संकेत आपसूकच हळूहळू सरकत असल्यामुळे विश्लेषणाची सॉफ्टवेअर संथ बदल गाळून टाकतात. एसपीएम या अशाच एका सॉफ्टवेअरमध्ये ही मर्यादा मुळात १२८ सेकंदांवर ठेवलेली असते. दीड मिनिट काम आणि दीड मिनिट विश्रांती अशी १८० सेकंदांची आवर्तने आखली, तर हवा असलेला परिणामच बराचसा गाळला जातो. सहभागी व्यक्तीने काम चोख केले असूनही निकाल कोरा आला, तर प्रथम हे तपासावे.

सर्वांत चिवट अडचण डोके हलण्याची आहे, आणि माझ्या मते तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. मेंदूचे चित्र ज्या छोट्या घनांत विभागलेले असते, त्या प्रत्येक घनाची, म्हणजे व्हॉक्सेलची, बाजू साधारण ३ मिलिमीटर असते. डोके अर्धा मिलिमीटर सरकले तरी मेंदूच्या कडेच्या व्हॉक्सेलमध्ये ऊती आणि द्रव यांचे मिश्रण बदलते आणि तो बदल आपण शोधत असलेल्या संकेतापेक्षा सहज मोठा ठरतो. निकालात मेंदूच्या कडेने रंगीत कंकण दिसत असेल, तर ते मेंदूचे कार्य नसून हालचाल असण्याची शक्यता मोठी असते. बटण दाबताना किंवा मोठ्याने बोलताना डोके हलत असेल, तर हालचाल आणि काम यांचा ताल एकच होतो आणि त्यांना विलग करणे जवळपास अशक्य बनते. विश्रांत अवस्थेच्या, म्हणजे कोणतेही काम न देता घेतलेल्या, नोंदींत तर हालचालीमुळे जवळचे भाग अधिक जोडलेले आणि दूरचे कमी जोडलेले भासतात, हे २०१२ मध्ये स्पष्ट झाले. मुले प्रौढांपेक्षा जास्त हलतात, त्यामुळे वयानुसार दिसणाऱ्या फरकातला काही भाग निव्वळ चुळबुळीचा होता. सॉफ्टवेअरने चित्रे जुळवून घेतली म्हणजे प्रश्न मिटला असे मानू नये. डोक्याभोवती उशा नीट बसवाव्यात, नकली यंत्रात आधी सराव करून घ्यावा, नोंदी लहान ठेवाव्यात आणि दोन गटांची तुलना करताना त्यांची सरासरी हालचालही मांडावी.

डावे-उजवे उलटणे ही चूक हास्यास्पद वाटते, पण फाइलचे स्वरूप बदलताना ती खरोखर घडते. कपाळाच्या एका बाजूला ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल चिकटवली की तिच्यातील तेल चित्रात ठळक दिसते आणि शंका उरत नाही.

कपाळाच्या आणि कानाच्या हवेच्या पोकळ्यांजवळ संकेत मुळातच नाहीसा होतो. त्यामुळे डोळ्यांच्या खोबण्यांवरील भागात काही आढळले नाही, असे लिहिण्यापूर्वी मूळ चित्रांत तो भाग दिसतो तरी का, हे पाहावे.

मग संख्याशास्त्र. पन्नास हजार व्हॉक्सेल ०.००१ या उंबरठ्यावर, म्हणजे हजारात एक चुकीचा होकार चालवून घेत, स्वतंत्रपणे तपासले, तर काहीही घडत नसताना सुमारे पन्नास ठिकाणी केवळ योगायोगाने रंग उमटेल. क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मेलेल्या सॅमन माशाला यंत्रात ठेवून माणसांची छायाचित्रे ‘दाखवली’, आणि बहुविध तुलनांची दुरुस्ती (एकाच वेळी हजारो चाचण्या केल्यामुळे उंबरठा अधिक कडक करणे) न करता त्याच्या मेंदूतही ‘सक्रिय’ व्हॉक्सेल मिळवले. दुरुस्ती करताच ते नाहीसे झाले. ज्या व्हॉक्सेलमध्ये संकेताचा व्यक्तीच्या वर्तनाशी किंवा गुणांशी सहसंबंध मोठा दिसला तेच निवडून त्यांचाच सहसंबंध निष्कर्ष म्हणून मांडणे, हीदेखील त्याच जातीची फसगत आहे. निवड एका माहितीवर करावी आणि मोजमाप दुसऱ्या.

अमिग्डाला हा मेंदूतील भावनांशी निगडित भाग सक्रिय झाला म्हणून व्यक्ती घाबरली, असा उलटा तर्क तर वृत्तपत्रांचा आवडता आहे. अमिग्डाला आनंददायक आणि नवख्या गोष्टींनाही प्रतिसाद देतो. भीती सिद्ध करायची असेल, तर प्रयोगातच तिचे स्वतंत्र मोजमाप हवे.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रकल्पात संशोधकांच्या ७० गटांना एकाच प्रयोगाची माहिती आणि तेच नऊ प्रश्न देण्यात आले होते. कोणत्याही दोन गटांची विश्लेषणाची पद्धत तंतोतंत सारखी नव्हती आणि काही प्रश्नांची उत्तरेही जुळली नाहीत. म्हणून गाळणीची मर्यादा, उंबरठा, वगळण्याचे निकष आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती माहिती पाहण्याआधीच लिहून ठेवावी, आणि नंतर काही बदलावे लागलेच तर तो बदल कारणासह नोंदवावा.